सहा निळ्या ओळी

एक

मनुष्य मृत्यू पावल्यानंतर चौथ्या दिवशी स्वतःचा पासवर्ड बदलू शकत नाही. हे सिद्ध करण्यास मोठ्या विद्वत्तेची आवश्यकता नाही. तथापि आमच्या इस्पितळाच्या नेटवर्कच्या नोंदीत तसे स्वच्छ अक्षरांत नमूद झालेले होते, आणि ती नोंद वाचून दाखवणाऱ्या माणसाचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता.

ज्याच्या खात्याविषयी मी लिहीत आहे, तो घसा विभागाचा ध्वनिमुद्रक होता. सर्वजण त्यास कानसेन म्हणत, कारण बंद दाराबाहेर कोण आले आहे हे तो चपलांच्या आवाजावरून सांगे. मी त्याच्या ध्वनिकक्षाचा शिपाई. दार लावणे, धूळ पुसणे, रुग्णांस पाणी देणे ही माझी एकोणीस वर्षांची कामे. घशाच्या शस्त्रक्रियेने ज्यांची वाचा कायमची जाणार असे, त्यांचा आवाज कानसेन आधीच चारशे वाक्यांत साठवून ठेवी. पुढे त्या साठ्यावरून एक लहान यंत्र सिद्ध होई. रुग्णाने बटणे दाबली, की यंत्र त्याच्याच आवाजात बोले.

अशा रीतीने त्याने एका निवृत्त शिक्षिकेचा आवाज नऊ दिवस साठवला. शस्त्रक्रिया झाली, बाईंची वाचा गेली, आणि यंत्र सिद्ध होण्यापूर्वीच एके सकाळी कामावर येताना कानसेन जिन्यात छाती धरून बसला तो पुन्हा उठला नाही.

बाराव्या दिवशी बाईंची वाक्ये काढून घेण्यासाठी आम्ही त्याचे खाते उघडण्यास बसलो. नेटवर्क सांभाळणाऱ्या गृहस्थांस आम्ही जाळेबुवा म्हणतो. ते कपाळ पुसत म्हणाले, “चौथ्या दिवशी कुणीतरी पासवर्ड बदललाय. सकाळी दहा चाळीसला. याच खोलीतल्या संगणकावरून.”

“मग तुम्ही वरून नवा टाका!” आमचे विभागप्रमुख गरजले. “नेटवर्क तुमचं ना?”

“टाकतो की. खातं उघडेल आणि आवाज जाईल. रुग्णांच्या फाइलींचं कुलूप खातेदाराच्या पासवर्डनंच घडतं, साहेब. मी दुसरी किल्ली बसवली, तर आतलं पुन्हा कधी उघडायचं नाही. नियम तुमच्याच सहीनं झालाय.”

“दुसरी प्रत असेल.”

“प्रत काढायला बंदी आहे. तीही तुमच्याच सहीनं.”

साहेब खाली बसले. जाळेबुवा पुढे म्हणाले, “पाच चुका झाल्या की फाइली आपोआप पुसल्या जातात. चार तुम्ही काल संध्याकाळी करून बसलात. एक प्रयत्न उरलाय. आणि पंधराव्या दिवशी मयताचं खातं बंद होतं, तो नियम वेगळाच.”

कोपऱ्यात बाई बसल्या होत्या. गळ्याभोवती पांढरा रुमाल, मांडीवर वही. त्यांनी वळणदार अक्षरात एक ओळ लिहिली आणि वही नेमकी माझ्यासमोर धरली.

“माझा आवाज कुणी नेला, ते तुम्ही शोधा. तीन दिवस देते.”

दोन

रहस्यकथा मी पुष्कळ वाचलेल्या आहेत. परंतु कथेतील शोधकाची स्वतःची चूक कधी नसते. माझी होती. चौथ्या दिवशी सकाळी दहा वाजता, खोलीस हवा लागावी या हेतूने, मी ध्वनिकक्षाचे दार उघडे टाकून कानसेनचा डबा आणि चष्मा त्याच्या घरी पोचवण्यास गेलो होतो. तिसऱ्या प्रहरी परत येऊन, आत न जाता, मी दारास कुलूप घातले. पाचव्या सकाळी खोली पुसली तेव्हा दोन विपरीत गोष्टी आढळल्या होत्या. हेडफोनच्या आवाजाचे चाक शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवलेले होते. कानसेन ते तीनच्या पुढे कधी नेत नसे. आणि काळ्या टेबलावर निळ्या खडूच्या सहा आखूड ओळी एकाखाली एक होत्या. माझा स्वतःचा चष्मा त्या वेळी डोळ्यांवर नव्हता. कोणीतरी रेघोट्या ओढल्या असाव्यात, असे समजून मी त्या ओल्या फडक्याने पुसल्या. त्या फडक्याचा मला पुढे फार पश्चात्ताप झाला.

प्रथम मी साहेबांस भेटलो.

“माझ्यावर संशय घेतोस?” ते म्हणाले.

“संशय नाही, साहेब. फक्त विचारपूस.”

“मी दहा ते एक शस्त्रक्रियेत होतो. पाच माणसं साक्षीला आहेत, सहावा बेशुद्ध होता.” इतके बोलून ते खिडकीकडे वळले. “तो गेला त्याच्या आदल्या दिवशी मी त्याला रजा नाकारली होती. छातीत जळजळतंय म्हणत होता. मी म्हणालो, तिखट कमी खा.”

मी नमस्कार करून बाहेर पडलो.

जाळेबुवांच्या खोलीत तारांचे जंजाळ आणि एक खुर्ची, याखेरीज काहीच नाही. मी विचारले, “बाहेरच्या कुणी खातं फोडलं असेल का?”

“फोडलं नाही, उघडलं. जुना पासवर्ड पहिल्याच फटक्यात बरोबर आहे. म्हणजे आलेल्याला तो माहीत होता. गंमत पुढंच आहे. नवा पासवर्ड मात्र यंत्रानं पाच वेळा नाकारला, ते चुकांत धरत नाहीत. काय टाकलं ते मला दिसत नाही, का नाकारलं तेवढं दिसतं. एकदा त्यात माणसाचं नाव होतं. दोनदा तारीख. दोनदा फार छोटा. मग वीस मिनिटं शांतता. आणि त्यानंतर टाकला तो एवढा मजबूत, की माझ्या स्वतःच्या पासवर्डला मान खाली घालावी लागेल.”

“ही तुमची करामत नाही ना?”

“अहो, नियम मीच केलेत. मी कशाला पाच वेळा आपटेन? माझ्या नावानं खडे फोडायला बाकीचे आहेतच. नव्वद दिवसांनी बदला म्हटलं, की लगेच, जाळेबुवांना दुसरा धंदा नाही!” ते हसले आणि लगोलग थांबले. “कानसेन एकटाच शिव्या न देता बदलायचा. उलट लोकांना शिकवायचा. नाव नको, वाढदिवस नको. जे कुठल्या कागदावर नाही आणि तुमच्या हाडात मुरलंय, ते घ्या म्हणायचा.”

मी उठलो. ज्यास जुना पासवर्ड ठाऊक असेल अशी एकच व्यक्ती मला दिसत होती. चौथ्या दिवशी डबा घेऊन मी कानसेनच्या घरी पोचलो, तेव्हा दारास कुलूप होते. त्याची पत्नी घरात नव्हती.

तीन

वहिनींनी मला आत बसवले. कानसेनचा डबा, जो मी त्या दिवशी शेजारी ठेवून आलो होतो, तो घासून पालथा घातलेला होता.

“तुम्ही विचारायला आलात, हे मला जिन्यातच कळलं,” त्या म्हणाल्या. “एक पायरी सोडून चढता तुम्ही. ह्यांच्याबरोबर राहून मलाही तो नाद लागला.”

“वहिनी, चौथ्या दिवशी दहा चाळीसला तुम्ही कुठं होता?”

“इस्पितळात. कागदांवर सह्या करायला.”

“ध्वनिकक्षात गेला होतात?”

त्या बराच वेळ पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या. नंतर म्हणाल्या, “भाऊजी, हसणार नसाल तर सांगते. वेडी म्हणाल म्हणून कुणाला बोलले नाही. सह्या झाल्या आणि वाटलं, त्यांची खोली एकदा बघून जावी. अकरा वाजले असतील. दार अर्धवट उघडं होतं. मी हात लावणार, एवढ्यात आतून ह्यांचा आवाज आला.”

“कुणाचा?”

“ह्यांचा. बारीक, पत्र्याच्या डब्यातून यावा तसा. ‘घाई नको’ म्हणत होते. पाणी प्या, म्हणत होते. मी आत बघितलं नाही. पळाले. रस्त्यावर आल्यावर रडले, की पळाले कशाला? भूत तर भूत. दोन शब्द ऐकून तरी घ्यायचे होते.”

मी पाण्याचा तांब्या त्यांच्याकडे सरकवला.

“सगळ्या जगाचे आवाज साठवले त्यांनी,” त्या म्हणाल्या, “आणि माझ्याकडे त्यांचा एक नाही. फोनवर बोलायचे ते ऐकलं आणि सोडून दिलं. पासवर्डचं म्हणाल तर मला कधीच माहीत नव्हता. घरी सांगायचे नाहीत. म्हणायचे, पेशंटची ठेव आहे ती.”

परत येताना मी विचार केला. भुतावर माझा विश्वास नाही. मात्र आवाजाच्या चाकावर आहे. हेडफोनचा आवाज पूर्ण वाढवला, तर तो कानाबाहेर झिरपतो, बारीक, पत्र्यातून यावा तसा. आणि वाक्ये साठवताना प्रत्येक वाक्याआधी कानसेन रुग्णास धीर देत असे, तेही ध्वनिमुद्रणात राहून जाई. म्हणजे तेथे बसलेला मनुष्य काही चोरण्यास आला नव्हता. तो ऐकण्यास आला होता. शिवाय त्यास पुरेसे ऐकू येत नव्हते.

वहिनी तर माझी पायरी जिन्यातून ओळखतात. मग तो कोण?

चार

दुसऱ्या दिवशी मी बाईंच्या घरी गेलो. दार त्यांच्या यजमानांनी उघडले. मोठे उमदे गृहस्थ. पन्नास वर्षे शिवणकाम केलेले. शहरातील अर्धे कोट त्यांच्या हातचे, असे म्हणत. त्यांच्या स्वतःच्या कोटाची बटणे मात्र एक घर चुकून लावलेली होती.

“या, या!” ते ओरडले. “सापडला का चोर?”

“अजून नाही, काका.”

“काय म्हणालात?”

“नाही म्हटलं!”

बाईंनी वहीत लिहून माझ्याकडे सरकवले: “वाचा माझी गेली आणि ओरडतात हे. बहिरे स्वतः आहेत. यंत्र कानात घाला म्हटलं की टोचतं म्हणतात.”

मी हसलो. बाई आवाजाविना हसल्या.

खुंटीवर एक जुना, गडद हिरवा लांब कोट होता. मी तो पाहत आहे असे ध्यानात येताच काकांचा चेहरा उजळला. “हिचा आहे. लग्नाआधीचा. ही शाळेत नवी लागली होती, कोट शिवायला आली. माझे दोन कारागीर बाजूला बसलेले. मापं घेतली, पण वहीत लिहीनात माझे हात. म्हटलं, ह्या दोघांनी का वाचावीत? डोक्यातच ठेवली. अख्ख्या आयुष्यात तेवढं एक माप कागदावर नाही चढलं.”

“आणि कोट बरोबर बसला?”

बाईंनी झटकन लिहिले: “बाही अर्धा इंच लांब. अजून कबूल करत नाहीत.”

“वाढत्या अंगाची होती!” काका म्हणाले. “बरं, चहा घेणार ना?”

चहा माझ्यासमोर होता. तो काकांनीच नुकताच आणला होता. बाईंनी वही बंद केली आणि माझ्या नजरेस नजर न देता गळ्यावरचा रुमाल सारखा केला.

“घेतो, काका,” मी म्हणालो.

त्यांनी खिशातून हात काढून माझा कप माझ्याकडे सरकवला. दुकान बंद करून त्यांस आठ वर्षे लोटली होती. परंतु खिशातील वस्तू माणूस सहसा बदलत नाही. कपाच्या पांढऱ्या कानावर त्यांच्या अंगठ्याचा ठसा स्पष्ट उमटला.

तो निळा होता.

पाच

काकांशी कुजबुजता येत नाही. म्हणून मी त्यांस दूर, बागेतील शेवटच्या बाकावर नेले.

“काका, चौथ्या दिवशी तुम्ही ध्वनिकक्षात बसला होता.”

त्यांनी ‘काय म्हणालात’ असे विचारले नाही. यावरूनच मला उत्तर मिळाले.

“शस्त्रक्रियेनंतर घर फार शांत झालं हो,” ते म्हणाले. “मला तसंही कमीच ऐकू येतं, पण ती बोलतेय एवढं कळायचं. मी कानसेनला म्हटलं, यंत्र होईपर्यंत मला जरा ऐकव. मंगळवारी आणि शुक्रवारी बसवायचा. नियमाबाहेर होतं. पासवर्डही सांगून ठेवला. म्हणाला, काका, मी नसलो तरी तुमचं अडायला नको. नसलो म्हणजे जेवायला गेलो असलो, असं म्हणायचं होतं त्याला.”

त्यांनी बोटांनी डोळे दाबले. निळा डाग पापणीला लागला.

“शुक्रवार होता. दार उघडं होतं. म्हटलं, ऐकून लगेच निघू. तर यंत्र म्हणतं मुदत संपली, नवा पासवर्ड दिल्याशिवाय आत सोडणार नाही. तिचं नाव दिलं, नको म्हणालं. लग्नाची तारीख दिली, नको. मी रडकुंडीला आलो. मग त्या पोराचं, कानसेनचं, बोलणं आठवलं, कागदावर नाही ते घ्या. खडूनं टेबलावर लिहिलं, बघून बघून टाकलं, आणि उघडलं!”

“काय टाकलंत?”

“तेच तर!” ते इतक्या मोठ्याने ओरडले, की माळी वळून पाहू लागला. “जिना उतरेपर्यंत होतं. सोमवारी गेलं. काय लिहिलं होतं हेच गेलं. वाटलं, खोलीत जाऊन टेबल बघावं. आलो, तर टेबल चकचकीत.”

माझे फडके! मला जमिनीने पोटात घ्यावे असे झाले.

“सांगितलं का नाहीत, काका?”

“काय सांगू? तिचा आवाज गेलाय. आता तिला कळलं, की माझं डोकंही जायला लागलंय, तर ती कुणाच्या भरवशावर राहील?” त्यांनी माझे मनगट धरले. “तिला सांगू नका. काहीही करा, तेवढं सांगू नका.”

मी वचन दिले. नंतर त्यांच्या कानाशी वाकून विचारले, “काका, सहा ओळी होत्या. आखूड, एकाखाली एक. टेलर खडूनं सहा ओळींत काय लिहितो?”

“कोटाचं माप,” ते तत्काळ म्हणाले. “उंची, खांदा, छाती, कंबर, बाही, गळा. आधी अक्षर, पुढं आकडा.”

“कुणाच्या कोटाचं?”

त्यांचा चेहरा कोरा झाला. मला मात्र खुंटीवरील हिरवा कोट डोळ्यांसमोर दिसत होता. कागदावर न चढलेले, एकुलते एक माप. ते आता जगात एकाच ठिकाणी शिल्लक होते, आणि त्या ठिकाणाचे दार आतून लागत चालले होते.

सहा

चौदाव्या दिवशी सकाळी ध्वनिकक्षात आम्ही सर्व जमलो. वहिनींस मीच बोलावले होते. त्या दाराशी उभ्या राहिल्या. जाळेबुवा संगणकापुढे बसले, साहेब पाठीमागे हात बांधून. बाईंस मी आदल्या दिवशी इतकेच म्हणालो होतो, की काकांस तुमचे त्या हिरव्या कोटाचे माप घ्यावयाचे आहे, कारण विचारू नये. बाईंनी कारण विचारले नाही. अंगात तो हिरवा कोट होता. त्यांनी पिशवीतून मोजपट्टी काढली आणि काकांच्या हातात दिली.

मोजपट्टी हातात पडताच काकांची पाठ ताठ झाली. तोंडातून एकच शब्द आला. “लिही.”

मी पेन्सिल धरली.

“उंची.” पुढे आकडा. तो मी येथे लिहिणार नाही. कानसेन असता तर त्यानेही लिहू दिला नसता. “खांदा.” आकडा. “छाती.”

येथे माझी पेन्सिल थांबली. आजाराने बाई निम्म्या झालेल्या होत्या. कोट त्यांच्या अंगावर लोंबत होता. पट्टीवरील आकडा मला दिसत होता, आणि काका त्याहून पुष्कळ मोठा आकडा सांगत होते. ते पट्टीकडे पाहतच नव्हते. ते बाईंच्या चेहऱ्याकडे पाहत होते.

“पट्टीचा लिहायचा की यांचा?” जाळेबुवा कुजबुजले. “एकच प्रयत्न आहे, शिपाईबुवा.”

कंबर झाली. बाही झाली, त्या वेळी बाईंनी भुवई उंचावली आणि काका म्हणाले, “वाढत्या अंगाची आहे.” राहिला गळा.

काकांनी पट्टी वर नेली. रुमालाखाली जेथे शस्त्रक्रियेचे छिद्र होते, तेथे त्यांचे हात थबकले. मला वाटले, सर्व संपले. तेव्हा बाईंनी स्वतः रुमाल सोडला, त्यांचे हात धरले आणि गळ्याभोवती नेले. काकांनी डोळे मिटले. शेवटचा आकडा त्यांनी इतक्या हळू सांगितला, की आयुष्यात प्रथमच आम्हांस कान द्यावा लागला.

“यांचाच टाका,” मी जाळेबुवांस म्हणालो. “पट्टी आजची आहे. कोट तेव्हाचा.”

जाळेबुवांनी सहा अक्षरे आणि सहा आकडे एकापुढे एक टाकले. बटणावर बोट ठेवून त्यांनी क्षणभर साहेबांकडे पाहिले. साहेबांनी मान खाली घातली होती. बोट दाबले गेले.

खाते उघडले.

जाळेबुवांनी बाईंच्या नावाची शेवटची फाइल लावली आणि हेडफोनची तार काढून घेतली. खोलीत प्रथम जो आवाज आला, तो बाईंचा नव्हता.

“घाई नको, बाई. पाणी प्या. आता यादीतली वाक्यं संपली. ही शेवटची चाळीस तुमच्या मनाची. यंत्रात काय हवं ते म्हणा.”

दाराशी उभ्या वहिनी तेथेच जमिनीवर बसल्या. या वेळी त्या पळाल्या नाहीत.

नंतर बाईंचा आवाज आला. शाळेतल्यासारखा खणखणीत.

“अहो, चष्मा कपाळावर आहे तुमच्या.”

थोडी शांतता. “अहो, चहा झालाय आपला. आत्ताच प्यालो.”

“बटणं चुकलीत. इकडे या.”

“गॅस मी बंद केलाय. झोपा.”

“आपलं दार डावीकडचं.”

काका एकटक ध्वनिवर्धकाकडे पाहत होते. मी माझे वचन मोडले नव्हते. मोडण्यासारखे त्यात काही उरलेच नव्हते. वाचा जाण्याच्या आधी, नऊ दिवसांच्या शेवटी, जेव्हा माणूस स्वतःसाठी काहीही मागून ठेवू शकतो, तेव्हा बाईंनी चाळीसच्या चाळीस वाक्ये यांच्यासाठी मागून ठेवली होती.

“तुला माहीत होतं?” काकांनी विचारले.

बाईंनी वही उघडली नाही. पुढे होऊन त्यांनी काकांच्या कोटाचे वरचे बटण सोडवले आणि योग्य घरात घातले. मग दुसरे.

साहेबांनी घसा खाकरला. “नोंदीत काय लिहिणार?” त्यांनी जाळेबुवांस विचारले.

“खरं तेच, साहेब. मुदत संपली म्हणून पासवर्ड बदलला गेला.”

“बास. तेवढंच लिहा. आणि यांना चाळीस वाक्यांची प्रत काढून द्या. वहिनींनाही. वहिनींच्या प्रतीत फक्त कानसेनचं बोलणं. नियमावर सही माझी आहे, खोडायलाही माझीच चालेल.”

सर्वजण गेल्यावर मी खोली आवरली. त्याच दिवशी त्या खात्याचा पासवर्ड जाळेबुवांनी बदलला, म्हणून ते सहा आकडे आता कोणतेही कुलूप उघडत नाहीत. तरी मी ते कोणास सांगितलेले नाहीत. मोजपट्टी टेबलावर राहिली होती, ती घडी करून बाईंच्या पत्त्यावर पाठवली. टेबलाच्या कडेस, जेथे काकांनी हात टेकला होता, तेथे निळ्या खडूचा एक डाग होता.

फडके माझ्या हातातच होते. मी उरलेले सर्व टेबल पुसले.